रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी दुखतंय

पंचवटी, नाशिक

चि. ओंकार, अनेक आशीर्वाद.

एन्डोस्कोपी, ईसीजी, थायरॉइड, तुझे सगळे रिपोर्ट नीट पाहिले. काळजीचं काही नाही. आधी तपासण्या करून घेतल्यास हे योग्यच झालं. माझ्याकडे येणाऱ्या पेशंटनाही मी हेच सांगतो. पण रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आपल्याला काही होतच नाही, उगाच कुरकुरतोय, असा अर्थ तू काढलेला दिसतोस. तसं नाही रे. छातीतली जळजळ खरी आहे. सकाळी आवळलेला जबडा खरा आहे. हे सगळं आई गेल्यानंतर सुरू झालं, आणि आई गेल्यापासून तू रडलेला नाहीस. मला या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

रामकुंडात अस्थी सोडताना मामा म्हणाले, "आता तूच घराचा आधार, खचू नकोस." तू खचला नाहीस. बँकेचे कागद, विम्याचे फॉर्म, मावशीला धीर देणं, सगळं निभावलंस. लोकांनी कौतुक केलं. माझ्या जिवाला मात्र तेव्हापासून घोर लागलाय.

चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अडवू नयेत असे १३ वेग, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक प्रेरणा, सांगितल्यात. मलमूत्र, शिंक, भूक, झोप यांच्या पंक्तीतच अश्रू येतात. ते अडवले तर पडसं, डोळ्यांचे विकार, हृद्रोग, अरुची, चक्कर. उपायांत झोप आहे आणि मनाला रुचणाऱ्या गोष्टीगप्पा आहेत. त्याच अध्यायात पुढे शोक, भय, क्रोध यांचा वेग आवरावा असंही म्हटलंय. लोकांनी तेवढंच लक्षात ठेवलं. शोकाने माणसाला वाहवत नेऊ नये, असा मी त्याचा अर्थ घेतो. डोळे कोरडे ठेवा, असा नाही.

आजच्या वैद्यकशास्त्राने यातली यंत्रणा बरीच उलगडली आहे. मनावर ताण आला की अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं वाढतात, नाडी जलद होते, स्नायू ताठरतात, पचन मागे पडतं. संकट थोड्या वेळाचं असेल तर ही व्यवस्था उत्तम. ती महिनोन्‌महिने चालू राहिली तर झोप उथळ होते आणि अन्ननलिका इतकी हळवी होते की नेहमीचं आम्लही जाळतं. मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा फुगून छातीत दुखतं, रक्तवाहिन्या मात्र मोकळ्या असतात, असा आजार जपानी डॉक्टरांनी १९९०च्या सुमारास नोंदवला. त्याला ताकोत्सुबो म्हणतात. तुला तो नाही. दुःख हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचतं, एवढं कळावं म्हणून सांगितलं.

आता उपाय. त्या दोन दिवसांच्या शिबिराबद्दल विचारलं होतंस. राग यकृतात साठतो, दुःख फुप्फुसात साठतं, असं कोष्टक दाखवून पैसे घेणाऱ्यांकडे जाऊ नकोस. गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याकडे तर मुळीच नाही.

त्यापेक्षा वही घे. जेम्स पेनबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या आघाताबद्दल लिहायचं. घटना आणि मनात काय झालं, दोन्ही लिहिणाऱ्यांच्या पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. लिहिल्याबरोबर मात्र त्यांना जास्त उदास वाटलं होतं, हे आधीच सांगून ठेवतो. पुढच्या अभ्यासांत फायदा लहानच दिसला, पण यात खर्च नाही आणि कुणाला दाखवायचंही नाही. शुद्धलेखन बघू नकोस. निजण्यापूर्वी दहा मिनिटं संथ श्वास घे, सोडताना जास्त लांबव. त्याने नाडी शांत होते.

इगतपुरीच्या धम्मगिरीला जायचं म्हणत होतास. सत्यनारायण गोयंकांनी १९७६ मध्ये सुरू केलेलं ते विपश्यना ध्यानाचं केंद्र चांगलं आहे, फीही नाही. पण दहा दिवसांचं मौन, फोन जमा, पहाटे चारला घंटा. झोप उडालेली असताना आणि दुःख असं दाबून ठेवलेलं असताना एकदम तिथे जाऊ नयेस असं मला वाटतं. तुला आधी बोलायची गरज आहे, मौनाची नंतर. जाशील तेव्हा फॉर्ममध्ये झोपेचं आणि औषधांचं खरं लिही.

समुपदेशकाकडे जायला लाजू नकोस. रात्री फारच जड झालं तर १४४१६ वर टेलिमानस आहे, मानसिक आरोग्यासाठी फोनवरची सरकारी सेवा, मराठीत बोलता येतं. आणि मी आहेच, कितीही वाजता.

आईच्या शेवटच्या रात्री आयसीयूबाहेर तू एकटा होतास. मला सकाळी बोलावलंस. त्या रात्री काय झालं, ती काही बोलली का, डॉक्टरांनी तुला काय काय विचारलं, यातलं तू आजवर कुणालाच सांगितलेलं नाहीस. मला ते ऐकायचंय. मला त्रास होईल म्हणून तू गप्प असशील, तर मी ऐकायला तयार आहे. दोन दिवसांची रजा टाक आणि ये. सलग सांगता आलं नाही तरी चालेल, मध्येच थांबलास तरी चालेल. जळजळीची गोळी सोबत आण, ती मनाने बंद करू नकोस.

तुझे,
बाबा