मायक्रोकंट्रोलर फक्त आकडे लिहितो

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

एडीएफ४३५१ या, हवी ती फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या चिपचं मॉड्यूल आर्डुइनो ऊनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला जोडतो आहेस, तर एक गोष्ट आधीच मनात पक्की कर. सिग्नल मायक्रोकंट्रोलर तयार करत नाही. तो चिपच्या सहा रजिस्टरांत, म्हणजे सेटिंग साठवायच्या खणांत, आकडे लिहितो आणि बाजूला होतो. पुढचं काम चिपच्या लूपचं, म्हणजे स्वतःची फ्रिक्वेन्सी ताडून दुरुस्त करत राहणाऱ्या साखळीचं. बिघाड शोधताना हा फरक फार उपयोगी पडतो.

चिपमधला व्हीसीओ (व्होल्टेजवर फ्रिक्वेन्सी बदलणारा ऑसिलेटर) २२०० ते ४४०० मेगाहर्ट्झमध्येच चालतो. त्याची फ्रिक्वेन्सी भागून फेज डिटेक्टरकडे येते आणि मॉड्यूलवरच्या ऑसिलेटरशी, बहुधा २५ मेगाहर्ट्झ, ताडून पाहिली जाते. फरक दिसला की चार्ज पंप लूप फिल्टरच्या कपॅसिटरमध्ये करंट ढकलतो किंवा ओढून घेतो, आणि त्या व्होल्टेजवर व्हीसीओ जागेवर येतो. २२०० च्या खालचं काही हवं असेल तर आउटपुट २, ४, ८ असं ६४ पर्यंत भागायचं.

समज, तुला ४३३.९२ मेगाहर्ट्झ हवेत. ८ ने गुणलं की व्हीसीओ ३४७१.३६ वर हवा. २५ ने भाग, १३८.८५४४ येतं. पूर्णांक १३८. उरलेलं ०.८५४४ म्हणजे बरोबर ५३४/६२५, म्हणून फ्रॅक (अंश) ५३४ आणि मॉड (छेद) ६२५. रजिस्टर ० मध्ये १३८ पंधरा बिट डावीकडे, ५३४ तीन बिट डावीकडे, आणि तळाचे तीन बिट रजिस्टरचा पत्ता: एकूण ४५२६२५६. तुझ्या प्रोग्राममधून हाच आकडा यायला हवा.

येत नसेल तर टाइप तपास. ऊनोवर इंट (पूर्णांकाचा टाइप) १६ बिटांचा असतो, त्यात १३८ पंधरा घरं सरकवलास की वरचे बिट गळतात. फ्लोटही (दशांशाचा टाइप) नको, ऊनोवर डबलसुद्धा ३२ बिटांचाच, सातेक अंकांपुढे भरवसा नाही. हर्ट्झमध्ये पूर्णांकच वापर, तेही ६४ बिटांचे, कारण ३२ बिट ४२९४.९६ मेगाहर्ट्झलाच संपतात आणि व्हीसीओ त्याच्या वर जातो.

रजिस्टरं ५ पासून ० कडे लिहायची, हा क्रम बदलू नकोस. मॉडसारखी काही मूल्यं लिहिली तरी अडकून राहतात, रजिस्टर ० लिहिल्यावरच लागू होतात, आणि व्हीसीओचा पट्टा निवडणंही तेव्हाच सुरू होतं. त्या निवडीचं घड्याळ १२५ किलोहर्ट्झच्या वर नको, म्हणून २५ मेगाहर्ट्झसाठी रजिस्टर ४ मध्ये भाजक २०० ठेव. प्रीस्केलर (व्हीसीओची फ्रिक्वेन्सी आधी भागणारा टप्पा) ८/९ वरच राहू दे. ४/५ हा ३६०० मेगाहर्ट्झपर्यंतच चालतो. ८/९ ला पूर्णांक किमान ७५ लागतो, आणि तुझा तर २५ च्या संदर्भावर ८८ च्या खाली कधीच जाणार नाही.

वायरिंगमध्ये क्लॉक, डेटा, एलई (पाठवलेले बिट रजिस्टरमध्ये पक्के करणारी) या तीनच वायरी आणि ग्राउंड. सर्वांत मोठा बिट आधी. ३२ बिट जाईपर्यंत एलई खाली, मग वर. पण ऊनो ५ व्होल्टचा आणि चिप ३.३ ची. थेट जोडलंस तर चिप जाईल. प्रत्येक वायरीत ऊनोकडून १ किलोओहम आणि तिथून ग्राउंडला २ किलोओहम लाव. मॉड्यूलची पॉवर बंद असताना ऊनो चालू ठेवू नकोस. पिनांमधूनच करंट आत शिरतो.

लॉकचा, म्हणजे लूप ठरल्या फ्रिक्वेन्सीवर स्थिरावल्याचा, एलईडी लागला नाही, तर आधी सीई (चिप चालू करणारी) पिन वर आहे का ते पाहा, मग पॉवर. नंतरच कोड उलगड. एलईडी लागूनही आकडा थोडा चुकत असेल तर दोष ऑसिलेटरचा: तो १० पीपीएमने (दहा लाखांत १० भाग) सरकला की ४३३.९२ ला सुमारे ४.३ किलोहर्ट्झचा फरक पडतो. मोजलेली खरी फ्रिक्वेन्सी गणितात घाल.

आउटपुटला शुद्ध साइन समजू नकोस. भाजकातून आलेली लाट चौकोनी असते, म्हणून तिप्पट फ्रिक्वेन्सीवर, १३०१.७६ मेगाहर्ट्झवर, तिसरा हार्मोनिक जोरात दिसेल, मूळ सिग्नलच्या जेमतेम १० डेसिबल खाली. लो-पास फिल्टर लागतोच. दुसरं आउटपुट उघडं ठेवू नकोस, त्यावर ५० ओहमचं टर्मिनेशन लाव. पातळ्या चार: -४, -१, +२, +५ डीबीएम. +५ म्हणजे तीनेक मिलीवॉट; नाजूक रिसीव्हरला हेही खूप आहे, मध्ये अॅटेन्युएटर घाल. अँटेना मात्र जोडू नकोस.

रजिस्टर ० चा आकडा आणि एलईडीची स्थिती कळव.

तुझा,
माधव