वेक बेटावरच्या कामगारांबद्दलही लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पर्ल हार्बरवरील आपल्या लेखात प्रशांत महासागरातील अमेरिकेच्या वेक बेटावरील लढाईचाही परिच्छेद होता. अमेरिकेच्या मरीन सैनिकांची झुंज त्यात आली, बुडालेल्या जपानी विनाशिका आल्या. मात्र तो तळ आपल्या हातांनी बांधणाऱ्या कामगारांबद्दल अवाक्षर नाही. ते मनाला लागले, म्हणून हे पत्र.

होनोलुलूपासून सुमारे ३,७०० किलोमीटरवरच्या या प्रवाळबेटावर धावपट्टी आणि नौदलाचा तळ उभारण्यासाठी १९४१ मध्ये अकराशेहून अधिक बिगरलष्करी कामगार नेले होते. मरीन होते जेमतेम साडेचारशे. ८ डिसेंबरला जपानी बाँब पडू लागले आणि शेकडो कामगार आपणहून मदतीला धावले. कुणी दारूगोळा वाहिला, कुणी तोफांवर उभे राहिले. त्याच दिवशी पॅन अमेरिकन कंपनीचे विमान प्रवाशांना आणि आपल्या गोऱ्या कर्मचाऱ्यांना घेऊन उडाले. ग्वाम बेटाच्या मूळ रहिवासी चामोरो कर्मचाऱ्यांना मागेच ठेवले. हे वाचताना आजही संताप येतो.

२३ डिसेंबरला बेट जपानच्या हाती पडले. कैद्यांना टप्प्याटप्प्याने बाहेर हलवण्यात आले आणि बांधकामासाठी शेवटी ९८ कामगार उरले. ऑक्टोबर १९४३ मध्ये अमेरिकी विमानांनी बेटावर जबर हल्ला चढवला. आता शत्रू उतरणार या धास्तीने जपानी सेनाधिकारी रिअर अॅडमिरल साकाइबारा याने ७ तारखेला त्या साऱ्यांना ठार मारण्याचा हुकूम दिला. हात बांधलेल्या माणसांवर मशीनगन चालवल्या. एक जण निसटला. त्याने प्रवाळाच्या खडकावर ‘९८ यूएस पीडब्ल्यू ५-१०-४३’ (पीडब्ल्यू म्हणजे युद्धकैदी) एवढे कोरले. पुढे तोही सापडला आणि साकाइबाराने स्वतः त्याला मारले. निसटलेल्या त्या कामगाराचे नाव अजून कुणाला ठाऊक नाही.

रसद तुटल्यावर जपानी शिपाईही तिथे उपासमारीने मेले. त्या बेटाखेरीज कुठेच नसलेला, उडू न शकणारा वेक रेल पक्षी त्याच काळात नामशेष झाला. साकाइबाराला १९४७ मध्ये ग्वामवर फाशी झाली. लढाईत उतरलेल्या कामगारांना मात्र अमेरिकी सरकारकडून माजी सैनिकांचा दर्जा मिळायला १९८१ उजाडावे लागले.

७ ऑक्टोबरच्या अंकात या ९८ जणांवर आपण स्वतंत्र लेख द्यावा आणि त्यासोबत त्या कोरलेल्या खडकाचे छायाचित्रही छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा