सिक्कीमला रुजू होणाऱ्या मुक्ताला

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

गंगटोकची शाखा मिळाली आणि त्यातही शेतीकर्जाचं काम, याचा मला फार आनंद झाला आहे. सगळे तुला थंडीबद्दल सांगत असतील. मी आयुष्यभर भूगोल शिकवला, म्हणून मी तुला उताराबद्दल सांगते. सिक्कीममध्ये पीक, रस्ता, वीज, घर, संकट, सगळं उतारावर ठरतं.

7096 चौरस किलोमीटर म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी जागा. 2011च्या जनगणनेत माणसं होती 6 लाख 10 हजार. पण एवढ्याशा जागेत जमीन तीस्ता नदीच्या काठच्या दमट, उष्ण खोऱ्यातून 8586 मीटरच्या कांचनजंगेपर्यंत चढत जाते. सपाट शेत जवळजवळ नाहीच. खाली पायऱ्यापायऱ्यांवर भात, त्यावर मका, आलं, संत्री आणि सावलीतल्या ओलसर उतारांवर मसाला वेलची.

या वेलचीकडे नीट लक्ष दे, कारण तुझ्या टेबलावर तिचेच अर्ज येतील. आपल्या गोड्या मसाल्यात पडते तीच ही काळपट, मोठी वेलची. देशात सर्वांत जास्त पिकते ती सिक्कीममध्ये. ‘उतिस’ नावाच्या झाडांच्या सावलीत ती लावतात. हे झाड जमिनीत नत्र धरून ठेवतं, माती घट्ट ठेवतं आणि भट्टीला सरपणही देतं. त्या भट्टीवर सुकवल्यामुळेच वेलचीला धुरकट वास येतो. लावल्यापासून पहिलं उत्पन्न हाती यायला साधारण तीन वर्षं जातात, आणि ‘चिर्के’, ‘फुर्के’ या रोगांनी कित्येक जुन्या बागा बसल्या आहेत. म्हणून हप्ते बांधताना आधी बाग बघून ये. कागदावरून बागेचं वय कळत नाही.

राज्याने 2003पासून रासायनिक खतं टप्प्याटप्प्याने बंद केली आणि जानेवारी 2016मध्ये सुमारे 75 हजार हेक्टर शेती सेंद्रिय झाल्याचं जाहीर झालं. मला या निर्णयाचं मनापासून कौतुक वाटतं. पण त्याचा भार शेतकऱ्याने उचलला आहे, त्यामुळे त्याच्या मालाला खरोखर जास्त भाव मिळतो का, हे त्यालाच विचार.

दरडोई उत्पन्नात सिक्कीम देशात अगदी वरच्या रांगेत आहे. त्या आकड्यावरून कुणाची ऐपत ठरवू नकोस. तो आकडा मोठा दिसतो तो जलविद्युत प्रकल्पांमुळे, करसवलतींसाठी आलेल्या औषध कारखान्यांमुळे आणि लोकसंख्या थोडी असल्यामुळे. वरच्या गावातल्या घरात तो पैसा पोचलेला असेलच असं नाही.

विजेचंच बघ. ऑक्टोबर 2023मध्ये दक्षिण ल्होनाक हे हिमनदीचं सरोवर फुटलं आणि चुंगथांगचं, 1200 मेगावॉटच्या प्रकल्पाचं धरण एका रात्रीत वाहून गेलं. खालच्या गावांतली माणसं, घरं, पूल गेले. उत्तर सिक्कीममधल्या झोंगू भागातल्या लेपचा या आदिवासी समाजाच्या तरुणांनी 2007पासून साखळी उपोषण केलं होतं ते आपल्या भागातल्या नद्यांवर असे प्रकल्प नकोत म्हणून, आणि त्यातले काही सरकारला रद्द करावे लागले. त्यांना विकासाचे विरोधक म्हणणाऱ्यांचं मला तेव्हाही पटलं नव्हतं. ज्या उतारावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, तो काय सोसेल हे त्यांना ठाऊक होतं.

कांचनजंगा तिथल्या लोकांचं रक्षक दैवत आहे, ‘पांग ल्हाबसोल’ या सणाला त्याची पूजा होते. 1955मध्ये पहिल्यांदा वर पोचलेले गिर्यारोहक सिक्कीमच्या राजाला दिलेल्या शब्दाखातर शिखराच्या अगदी टोकावर पाय न ठेवता परतले.

जमिनीबद्दल एक गोष्ट कामाच्या पहिल्या आठवड्यातच समजून घे. सिक्कीम 16 मे 1975ला भारताचं बाविसावं राज्य झालं, तेव्हा राज्यघटनेच्या कलम 371 एफने तिथले जुने कायदे राखले. भूतिया आणि लेपचा लोकांची जमीन बाहेरच्यांकडे जाऊ नये, असा 1917चा महसुली हुकूम त्यातच येतो. तारण घेताना तुला तो अडथळा वाटेल. पण त्यानेच या छोट्या समाजांच्या हातात जमीन राहिली आहे. वरिष्ठांनी घाई केली तरी आधी तो वाच.

बहुतेकांची बोली नेपाळी आहे. ती शीक. हिंदीत काम भागेल, पण कर्ज थकलेला माणूस अडचण सांगेल ती त्याच्या भाषेतच. वडीलधाऱ्या पुरुषाला ‘दाजू’, बाईला ‘दिदी’ म्हण. दसैं, तिहार, लोसूंग या सणांना जिथे बोलावतील तिथे जा. गुंद्रुकची, म्हणजे आंबवलेल्या पाल्याची भाजी आणि किनेमा, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, वासाला उग्र लागतील, तरी पानात ठेवू नकोस. तोंगबा मात्र नाचणीचा असला तरी दारूच आहे, एवढं ध्यानात असू दे.

शेवटचं, आणि हे माझ्यासाठी. पावसाळ्यात घरी येशील तेव्हा बागडोगऱ्याच्या विमानाआधी एक पूर्ण दिवस हातात ठेव. महामार्ग 10 तीस्तेच्या कडेने जातो आणि दरड कोसळली की बंद पडतो. रात्री त्या रस्त्याने निघू नकोस. सिलिगुडीला पोचलीस की आधी मला फोन कर.

तुझी,
आई