मोजणे म्हणजे घोकणे नव्हे

महोदय,

जून उजाडला की पहिलीच्या मुलांकडून शंभरपर्यंत घडाघडा म्हणवून घ्यायची घाई सुरू होते. समोर सात चिंचोके ठेवून पाहा: तोंड पुढे धावते, बोट मागे राहते नि उत्तर येते नऊ. म्हणून चिंचोका उचलून करवंटीत टाकायचा, मगच पुढचा आकडा. मोजून झाल्यावर ‘किती?’ विचारताच मूल पुन्हा एकपासून सुरू झाले, तर शेवटचा आकडा म्हणजेच सगळे मिळून किती, हे त्याला उमगलेले नाही. तोवर वजाबाकीचे नाव काढू नये.

दशकासाठी माडाच्या झावळीच्या हिरांसारखे साधन नाही, आणि कोकणात ते फुकट. दहा काड्यांची जुडी, वर रबर. ३२ वजा १७ करताना मुले सर्रास ७ मधून २ काढतात आणि २५ लिहितात. हातात तीन जुड्या नि दोन सुट्या काड्या असल्या की सात देण्यासाठी एक जुडी सोडावीच लागते. बारातून सात गेल्या, पाच उरल्या. बाकीच्या दोन जुड्यांतली एक गेली. १५.

मराठीचा खोडा वेगळाच. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतो, म्हणून ५२ लिहिले जाते, ‘एकोणतीस’मधला तीस ऐकून ३९. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा टिंगलच जास्त झाली. जुड्या मांडताना ‘वीस पाच, पंचवीस’ असे दोन्ही म्हणवून घ्यायला काय हरकत आहे? मासळीबाजारात अर्थात पंचवीसच चालणार.

– एक शिक्षक, जि. रत्नागिरी