ग्रंथपाल मॅडम, तुमच्या लाल पेनाबद्दल

ग्रंथपाल मॅडम,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी नकाशाच्या पानाबद्दल मानलेले माझे आभार तुम्ही धड ऐकूनही घेतले नाहीत. 'अहो, त्यात काय एवढं' म्हणालात आणि पुढच्या माणसाचं कार्ड हातात घेतलंत. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. आता मला मध्येच तोडता येणार नाही.

पुस्तक तुम्हाला आठवत असेलच. स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड' या चाच्यांच्या आणि खजिन्याच्या कादंबरीचा जुना सचित्र मराठी अनुवाद. आम्ही भावंडांनी वाचून वाचून पार खिळखिळा केलेला. मुखपृष्ठ गेलेलं, त्यासोबत अनुवादकाचं आणि चित्रकाराचं नावही गेलेलं, आणि नेमकं नकाशाचं पान बेपत्ता. माझ्या लेकीनं ते हातात घेतलं आणि नकाशा कुठाय म्हणून घर डोक्यावर घेतलं.

तिचं काही चुकलं नव्हतं. ही गोष्ट नकाशातूनच निघाली आहे. १८८१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या ब्रेमारला पावसानं सगळ्यांना घरात कोंडलं, आणि स्टीव्हन्सननं आपल्या सावत्र मुलासोबत रंगरंगोटी करता करता एका बेटाचा नकाशा काढला. कादंबरी त्यानंतर सुचली. पुस्तक १८८३ साली आलं. आणि गंमत बघा, छापायला पाठवलेला तो मूळ नकाशा प्रकाशकाकडे पोचलाच नाही! मग स्टीव्हन्सनच्या वडिलांच्या ऑफिसात, लिहून झालेल्या कादंबरीतले तपशील जुळवत, तो पुन्हा काढावा लागला. म्हणजे नकाशा हरवायची परंपरा लेखकापासूनचीच आहे.

तुमच्याकडे येण्याआधी मी कुठे कुठे गेले ते सांगत बसत नाही. पण एका मोठ्या, नावाजलेल्या वाचनालयातले गृहस्थ विसरता येत नाहीत. मान वर न करता म्हणाले, "बालविभागातली जुनी पुस्तकं बाद केली." कुठली, कधी, काही नाही. दुसरीकडे सल्ला मिळाला, "इंग्रजीच घ्या ना, ऑनलाइन दोन दिवसांत येईल." अहो, इंग्रजी येतं हो आम्हाला! पण लेकीला तीच चित्रं हवी होती. तोच सफरचंदांच्या पिंपात दडून बसलेला गोष्टीतला पोरगा जिम, काठी आपटत येणारा तोच आंधळा प्यू, आणि खांद्यावर पोपट घेतलेला तोच एका पायाचा चाचा लाँग जॉन सिल्व्हर. एका चित्रात तर चित्रकारानं त्याचा डाव्याऐवजी उजवा पाय कापलाय. लेकीनं ती चूक पकडली आणि चित्रकारावर जाम खूश झाली. आमच्याकडे समुद्र म्हणजे फार तर गणपतीपुळ्याची सहल. जहाज, बंदर, चाचे हे सगळं आम्ही त्या काळ्या रेघांवरूनच शिकलो. खुद्द स्टीव्हन्सनलाही परक्या भाषेतल्या पुस्तकातल्या चित्रांनी भुरळ घातली होती. १८८५ साली फ्रेंच अनुवादासाठी जॉर्ज रू यानं काढलेली चित्रं इंग्रजी आवृत्तीत आली, तेव्हा त्यानं वडिलांना कळवलं की चित्रकाराला पुस्तक बरोबर उमगलंय, फक्त गोष्टीतलं हिस्पॅनिओला जहाज भलत्याच बनावटीचं काढलंय. आपली प्रत मात्र पाठवायला तयार नव्हता. म्हणे हे माझं नवं खेळणं आहे.

तुम्ही माझं फाटकं पुस्तक उघडलंत, पिंपाचं चित्र बघितलंत आणि 'हे आहे आपल्याकडे' म्हणून थेट आतल्या कपाटाकडे गेलात. ना अर्ज, ना 'उद्या या'. नकाशाच्या पानाची झेरॉक्स काढून आणलीत. माझं काम तिथेच झालं होतं, मी पिशवी उचललीही होती. पण तुम्ही कागद खाली ठेवला, चष्मा लावला आणि मूळ पानाशी ताडून बघितलंत. "खजिन्याच्या फुल्या लाल आहेत हो, यात काळ्या आल्या." खणातून लाल पेन काढलंत. ते उठेना, म्हणून जुन्या पावतीच्या पाठीवर चार वेळा गिरवलंत. मग तीन फुल्या, दोन उत्तरेला, एक नैर्ऋत्येला, प्रत्येक दोनदा गिरवून. मागे चार-पाच जण ताटकळत होते, एक काका घसा खाकरत होते. तुम्ही शाई वाळेपर्यंत कागद दिला नाहीत.

मॅडम, लाल फुल्यांशिवाय कुणाचं काय अडलं असतं? माझंही अडलं नसतं. पण दहा वर्षांच्या मुलीचं अडलं असतं, हे तिला न बघताच तुम्हाला कळलं. नियमात बसवून नाही म्हणणारी माणसं पावलोपावली भेटतात, आणि त्यांचा पगारही वेळेवर होतो. तुमच्यासारखी माणसं कोपऱ्यातल्या टेबलामागे असतात, पंखा कुरकुरत असतो, आणि त्यांच्या कामाचा कुठल्या अहवालात रकाना नसतो. पुन्हा काढलेला नकाशा स्टीव्हन्सनला कधीच आपला वाटला नाही. आमच्या घरात मात्र आता तुमचाच नकाशा अस्सल.

लेकीनं पुस्तक संपवलं. शेवटी चांदीच्या लगडी बेटावरच राहतात, हे तिला अजिबात पटलेलं नाही. ती तुमच्याशी बोलायला येणार म्हणते. पुस्तक सध्या बाइंडिंगला दिलंय. ते आलं की दोघी येतो. तिला बालविभागाची सभासद करायचं आहे. अनामत आणि वर्गणी किती, तेवढं सांगून ठेवा. आणि पेन मी आणते, तुमचं संपत आलंय.

आपली,
एक वाचक (आणि तिची लेक)