दादा, शाल नको, सही हवी

मा. श्री. गणेश नाईक,
वनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

11 सप्टेंबरला राष्ट्रीय वनशहीद दिन पाळतात. 1730 साली राजस्थानात खेजडलीला झाडं वाचवताना 363 बिश्नोई मारले गेले, त्यांच्या स्मृतीचा हा दिवस. भाषणं होतात, वनरक्षकांना शाल-श्रीफळ मिळतं, फोटो निघतो. नारळ घरी ठेवून तोच गडी रात्री पुन्हा खाडीकाठी गस्तीला जातो. मला बोलायचंय ते त्या रात्रीबद्दल.

दोन वर्षांपूर्वी सेकंड शिफ्ट सुटल्यावर घरी येत होतो. खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका वनरक्षकानं राडारोड्याचा डंपर अडवला होता. हातात काठी आणि बॅटरी, बस्स. ड्रायव्हर भांडलासुद्धा नाही. त्यानं एक नंबर लावला आणि मोबाइल पुढे केला. वनरक्षक चार-पाचदा "हो साहेब" म्हणाला आणि बाजूला झाला. डंपर तिवरांकडे गेला. (म्हणजे खाडीकाठची खारफुटी; सरकारी कागदात कांदळवन, आमच्या आगरी-कोळ्यांत तिवरं.) फोन कुणाचा, मी विचारलं नाही. तोच म्हणाला, "सगळं तोंडी असतं हो. कागदावर कुणी काही देत नाही."

जी माणसं मागे हटत नाहीत त्यांचं काय होतं, तेही महाराष्ट्रानं पाहिलंय. ऑगस्ट 2021मध्ये ठाण्याच्या कासारवडवलीत फेरीवाल्यांवर कारवाई करताना महापालिकेच्या सहायक आयुक्त कल्पिता पिंपळे यांची बोटं छाटली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या कामावर असताना वनरक्षक स्वाती ढुमणे वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. तिथं जनावर होतं, इथं माणूस. दोघींसाठी सगळ्याच पक्षांनी हळहळ व्यक्त केली, त्यात मतभेद नव्हते.

मतभेद सुरू होतात ते जमिनीपाशी. नेरूळच्या डीपीएस तलावाचंच बघा. एप्रिल 2024मध्ये तिथं फ्लेमिंगो मरून पडले, तरी त्या जागेबद्दल सिडकोचा (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचा) सूर वेगळा आणि पक्षिप्रेमींचा वेगळा. ठाण्याजवळच्या येऊर जंगलाच्या गेटवर 31 डिसेंबरला गाड्या अडवल्या की एक पुढारी म्हणतो स्थानिकांना त्रास, दुसरा म्हणतो बंगलेवाल्यांना मोकळीक. खरं सांगायचं तर आलटून पालटून दोघंही बरोबर असतात. शिव्या मात्र गेटवरच्या माणसाला.

मी प्रकल्पग्रस्ताचा मुलगा. सिडको 1970 साली आली आणि सार्वजनिक कामासाठी म्हणून आमची भातखाचरं, मिठागरं गेली. जानेवारी 1984च्या जासईच्या जमीन-लढ्यात पाच जण गोळीबारात गेले, ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यामुळे सरकारी जमीन म्हटलं की आमच्या घरात आजही कडवट बोललं जातं. पण म्हणूनच विचारतो: बापाची जमीन सार्वजनिक म्हणून गेली आणि आता उरलीसुरली सार्वजनिक तिवरं रातोरात भरणी होऊन कुणाच्या तरी खासगी पार्किंगला जाणार असतील, तर आम्ही दिलं ते कशासाठी? ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015चं, 2022पासून ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिवरांची नासधूस म्हणजे जगण्याच्या हक्कावर घाला, असं उच्च न्यायालयानं 2018मध्ये सांगितलंय. कायद्याची कमतरता नाही.

सरकारी कर्मचाऱ्याला हल्ला किंवा बळजबरी करून कामापासून रोखणाऱ्याला महाराष्ट्रानं पाच वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली होती. भारतीय न्याय संहितेच्या 132 कलमात ती दोन वर्षांपर्यंत आहे. ती वाढवा अशी मागणी होईल. माझी नाही. फोन करणारा तिथं हजर नसतोच, कलम लावणार कुणाला?

तुम्ही ऐरोलीचेच आमदार, म्हणून मागणं छोटं आहे. एक परिपत्रक काढा. कारवाई चालू असताना आलेला प्रत्येक फोन वनरक्षकानं वेळ आणि नंबरासकट गस्तीच्या नोंदवहीत लिहावा, आणि वरिष्ठांनी "सोडून दे" म्हटलं तर त्यांनी ते चोवीस तासांत लेखी द्यावं. फोन तुमच्या कार्यालयातून आला तरी हाच नियम. आणि अशी नोंद केल्याबद्दल कुणाची मुदतीआधी बदली झाली, तर 2005च्या बदल्यांच्या कायद्याप्रमाणे लेखी कारण नोंदवावं लागतंच, ते त्याच्या हातात पडावं.

खाली तुमची सही असू द्या. आणि चौकीत लावायची प्रत तेवढी लॅमिनेट करून पाठवा, खाडीच्या हवेत कागद टिकत नाही.

आपला,
ऐरोलीचा एक मतदार