गाण्याच्या डब्याला समोर मराठी वाचता येईल असा डिस्प्ले हवाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत रास्पबेरी पाय या छोट्याशा कॉम्प्युटर बोर्डावर घरच्या घरी म्युझिक प्लेयर कसा करायचा हा लेख आला होता. छान होता, सोप्या भाषेत होता, बऱ्याच जणांनी कात्रण काढून ठेवलं असणार. पण त्यात एक गोष्ट राहून गेली आणि ती शोभेची नाही तर गरजेची आहे असं मला मनापासून वाटतं म्हणून हे पत्र. लेखातल्यासारखा प्लेयर तयार झाला की समोरून बघायला काहीच नसतं, कुठलं गाणं लागलंय, आवाज कितीवर आहे, मशीन चालू आहे की अडकलंय, काही म्हणजे काही कळत नाही, सगळ्यासाठी मोबाईल उघडा नाहीतर टीव्ही लावा. ज्याला मोबाईल जमतो त्याचं निभावतं. पण हे प्लेयर आपण बहुतेक वेळा कोणासाठी करतो तर घरातल्या वयस्कर माणसांसाठी, ज्यांच्या कॅसेटी आणि सीडी आपण कॉपी करून पेनड्राइव्हवर टाकल्या, आणि मग त्यांनाच गाणं लावायला नातवाला हाक मारावी लागते. जुन्या रेडिओच्या काचेवर स्टेशनांची नावं असायची, काटा कुठे आहे ते लांबून दिसायचं. आपण आवाज सुधारला आणि हे दिसणंच काढून घेतलं.

आणि हे करणं अवघड नाहीये. रास्पबेरी पाय 2012 मधे आला, 2014 मधे त्याच्यावर वायरी जोडायची 40 पिनांची रांग आली ती आजही तशीच आहे. साधा छोटा ओएलईडी डिस्प्ले, म्हणजे ज्याचे ठिपके स्वतःच उजळतात तो, जोडायला त्यातल्या फक्त चार लागतात, 1 नंबरला 3.3 व्होल्ट, 6 नंबरला ग्राउंड, 3 नंबरला एसडीए (माहितीची वायर) आणि 5 नंबरला एससीएल (ठेका देणारी वायर), बस. डिस्प्ले पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला दोन-तीनशे रुपयांत मिळतो. फक्त घेताना पाठीमागची नावं वाचून घ्या कारण दिसायला एकसारख्या दोन डिस्प्लेंवर व्हीसीसी (म्हणजे वीज येते ती पिन) आणि ग्राउंडची जागा उलटी असू शकते आणि न बघता वायर लावली तर डिस्प्ले गेलाच समजा. तसंच 1.3 इंचाच्या डिस्प्लेत बऱ्याचदा डिस्प्ले चालवणारी चिप एसएसडी1306 ऐवजी एसएच1106 असते, सॉफ्टवेअरमधे चुकीचं नाव दिलं की अक्षरं दोन ठिपके सरकतात आणि कडेला कचरा दिसतो. लोक त्याला पीस खराब आहे म्हणून परत करतात, पीस चांगला असतो.

दुकानात बरेच जण 16 बाय 2 चा, म्हणजे 16 अक्षरांच्या दोन ओळींचा हिरवा-निळा एलसीडी गळ्यात मारतात. इंग्रजी नावांसाठी तो चालेल पण मराठीसाठी घेऊ नका. त्याच्या चिपमधे अक्षरं आधीच भरलेली असतात, त्यात देवनागरी नाही, आणि आपली स्वतःची फक्त आठ अक्षरं टाकता येतात तीही 5 बाय 8 ठिपक्यांची. आठ अक्षरांत आपलं एक नाव तरी बसेल का? शिवाय तो 5 व्होल्टवर चालतो आणि पायच्या पिना 3.3 व्होल्टच्या आहेत, मधे व्होल्टेज जुळवणारा लेव्हल शिफ्टर नसेल तर बोर्डालाच धोका.

ओएलईडीवर ठिपके आपल्या हातात असतात म्हणून मराठी दाखवता येतं. पण खरी गोम इथेच आहे, आणि यासाठीच मी एवढं लिहितोय. बहुतेक लोक पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लुमा (डिस्प्ले चालवणारी) आणि पिलो (अक्षरांचं चित्र काढणारी) या तयार लायब्ररी वापरून नाव डिस्प्लेवर टाकतात. चाचणीला भीमसेन जोशी लिहितात, झकास दिसतं, झालं म्हणून डबा बंद करतात. मग किशोरी आमोणकर लागल्या की किशोरीमधली पहिली वेलांटी क सोडून श ला जाऊन चिकटते. कुमार गंधर्व लागले की गंधर्वचा रफार वर जातच नाही, पाय मोडलेला र सुटा आणि पुढे व सुटा. कारण काय तर आपल्या लिपीत ऱ्हस्व वेलांटी टाइप होते नंतर पण उमटते आधी, रफाराचा र येतो आधी पण बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, आणि ही जुळवाजुळव करणारा वेगळा भाग असतो, पिलोमधे त्याला रॅक्म म्हणतात, त्याच्या पोटात हार्फबझ काम करतं. तो नसेल तर पिलो गुपचूप साधी पद्धत वापरतं, एरर सुद्धा देत नाही. म्हणून आधी रॅक्म आहे ना ते तपासायचं, फाँट नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्तासारखा नीट घ्यायचा, आणि चाचणी गंधर्व, किशोरी, ज्ञानेश्वर अशाच नावांवर करायची.

साइझचंही बोलायला हवं. 0.96 इंचाचा डिस्प्ले म्हणजे अक्षरं उमटणारा भाग जेमतेम 22 मिलिमीटर रुंद, टेबलावर हातात धरून सुंदर दिसतो, पण पलंगावर बसलेल्या माणसाला तो दिसत नाही. माझी आई सकाळी नाट्यगीतं लावते, तिला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून वाचता आलं पाहिजे म्हणून आमच्याकडे 2.42 इंचाचा आहे, ठिपके तेवढेच 128 बाय 64 पण प्रत्येक ठिपका अडीच पट मोठा. महाग पडतो पण पैसे तिथेच घालावेत असं माझं ठाम मत आहे. मराठीला वर मात्रा आणि खाली उकार लागतात त्यामुळे इंग्रजीच्या चार ओळी बसतात तिथे आपल्या दोनच बसवाव्यात, वर गाणं आणि खाली गायक, बाकी बिटरेट वगैरे कोणी बघत नाही, काढून टाका. हौस असेल तर 256 बाय 64 चा लांबट डिस्प्ले मिळतो, त्यात लांब नावं सुद्धा न सरकता मावतात.

अजून एक उपयोग कोणी सांगत नाही. आपल्याकडे माणसं प्लग काढून मशीन बंद करतात आणि पायला तसं केलं की कधीतरी एसडी कार्ड बिघडतं. बटण लावावं, दाबलं की डिस्प्लेवर "थांबा" यावं आणि मशीन नीट बंद झालं की डिस्प्ले काळा व्हावा, म्हणजे आता प्लग काढायला हरकत नाही. पण हे बटण बरेच जण 5 नंबरच्या पिनेवर लावतात आणि तिथे आपली डिस्प्लेची वायर आहे, दोन्ही एकत्र चालत नाहीत. बटण दुसऱ्या पिनेवर घ्या नाहीतर एसपीआय या दुसऱ्या जोडणीवर, वेगळ्या पिनांवर चालणारा डिस्प्ले घ्या. आणि ओएलईडीवर तेच घड्याळ त्याच जागी महिनोन्महिने ठेवलं तर त्याचा डाग राहतो, म्हणून मजकूर अधूनमधून दोन-चार ठिपके हलवायचा आणि रात्री उजेड कमी करायचा.

आता संगीत विकणाऱ्या कंपन्यांकडे आणि रेकॉर्डिंग जपणाऱ्या संस्थांकडे एक मागणी आहे, ती तुमच्यामार्फत पोहोचावी. डिस्प्ले कितीही चांगला लावा, फाइलमधे नावच "ट्रॅक 01" असेल किंवा जुन्या बिगर-युनिकोड फाँटमधे (म्हणजे तो फाँट नसेल तर वाचताच येत नाही अशा) टाइप केलेलं असेल तर त्याच्यावर कचराच उमटणार. अभंग कोणाचा, गायलं कोणी, राग कोणता हे युनिकोड मराठीत फाइलमधेच भरून द्यावं. हे त्यांनी एकदा केलं की हजारो घरांत परत परत करावं लागणार नाही. आत्ता माझ्यासारखे लोक रात्री बसून एकेक नाव टाइप करतात.

शाळांचंही तसंच. 2016 पासून शाळांमधे अटल टिंकरिंग लॅब या सरकारी योजनेतल्या प्रयोगशाळा सुरू झाल्यात, शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं, सामान आहे, पोरं हुशार आहेत. एलईडी लुकलुकवण्याच्या पुढे जाऊन आजीला वाचता येईल असा मराठी डिस्प्ले पोरांना करायला द्यावा, त्यात सोल्डरिंग येतं, पायथॉन येतं आणि आपली लिपी मशीनमधे कशी जुळते तेही कळतं, जे पुस्तकात कुठेच नाही.

लेखकांना विनंती की पुढच्या भागात या जोडणीची आकृती द्यावी, पिनांचे नंबर मोठ्या टायपात छापावेत, आणि रॅक्म तपासायची कमांडही सोबत द्यावी.

आपला नियमित वाचक,
पुणे